मुक्तविश्व खेळ आणि 'स्थानपोथी' : स्थानाधिष्ठित कथनाची दोन रूपे

१. प्रास्ताविक

कथन म्हणजे घटनांची काळाच्या क्रमाने केलेली मांडणी, ही समजूत साहित्यविचारात इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी सहसा प्रश्न उपस्थित केला जात नाही. आधी काय घडले, नंतर काय घडले आणि एकातून दुसरे कसे उद्भवले, या प्रश्नांभोवतीच कथानकाची चर्चा फिरत राहते. लेखक निवेदनात क्रम उलटसुलट करू शकतो; परंतु तो उलटसुलट क्रमही त्यानेच ठरवलेला असतो आणि वाचकाला तो पानामागून पान स्वीकारावा लागतो.

संगणकाच्या ब्राउझरमध्ये खेळता येणाऱ्या 'मुक्तविश्व' खेळांनी या समजुतीपुढे एक अडचण उभी केली आहे. या खेळांत कथा असते, पात्रे असतात, प्रसंग असतात. मात्र त्यांचा क्रम आधी बांधलेला नसतो. प्रसंग प्रदेशात विखुरलेले असतात आणि खेळाडू ज्या वाटेने जाईल त्या वाटेने ते त्याच्यापुढे येतात. कथन येथे काळाऐवजी स्थानाच्या आधारे उभे राहते. पाश्चात्त्य अभ्यासकांनी या प्रकाराला संगणकयुगाचे अपत्य मानून त्याची मीमांसा केली आहे. मराठीच्या अभ्यासकाला मात्र येथे थबकावे लागते, कारण स्थानाच्या आधारे उभे राहणारे कथन मराठी गद्याच्या प्रारंभकाळातच सिद्ध झालेले आहे. महानुभाव संप्रदायाची 'स्थानपोथी' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात या दोन रूपांचा तौलनिक विचार केला आहे. खेळांना साहित्य म्हणावे की नाही, हा वाद येथे अभिप्रेत नाही. त्याचप्रमाणे एका धर्मसंप्रदायाच्या पूज्य ग्रंथाला खेळाच्या पातळीवर आणण्याचाही हेतू नाही. स्थानाधिष्ठित कथन समजून घेण्यासाठी लागणारी काही परिभाषा मराठी परंपरेत तयार आहे आणि नष्ट होत चाललेल्या नव्या संहितांचा अभ्यास करताना ती उपयोगी पडू शकते, एवढेच दाखवायचे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकाला हा विषय दूरचाही नाही. शहराच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळ आणि दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण ही दोन्ही गावे 'लीळाचरित्रा'च्या भूगोलात महत्त्वाची आहेत.

२. मुक्तविश्व : संज्ञा आणि स्वरूप

ज्या खेळात खेळाडूला एक सलग प्रदेश उपलब्ध असतो आणि त्यात कोठे जावे, कोणते कार्य आधी करावे, एखादे कार्य करावेच की नाही, हे ठरवण्याची मोकळीक असते, त्यास मुक्तविश्व खेळ म्हणता येईल. हे लक्षण ध्यानी येण्यासाठी जुन्या पटावरील खेळांशी तुलना उपयुक्त ठरते. सारीपाटात सोंगटीची वाट ठरलेली असते. दान पडेल तेवढीच घरे ती पुढे सरकते. मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात, घरांना नैतिक अर्थ असतो. पण तेथेही खेळाडूला वाट निवडता येत नाही. दोन्ही पटांवर स्थान आहे, भ्रमण नाही. मुक्तविश्व खेळात पटाचा प्रदेश होतो आणि दानाची जागा खेळाडूची इच्छा घेते.

या प्रकाराच्या इतिहासात १९८४ च्या 'एलिट' या अंतराळभ्रमणाच्या खेळाचा आणि २००१ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' या शहरभ्रमणाच्या खेळाचा उल्लेख नेहमी येतो. ब्राउझरमधील शाखा मात्र वेगळ्या अंगाने वाढली. इंग्लंडमधील 'रुनस्केप' हा खेळ जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. जावा या तंत्राच्या साहाय्याने तो थेट ब्राउझरमध्ये चालत असे. 'माइनक्राफ्ट'ची २००९ मधील आरंभीची आवृत्तीही ब्राउझरमध्ये खेळता येत होती. त्याच सुमारास फ्लॅश या तंत्रावर असंख्य लहानमोठी विश्वे उभी राहिली. २०११ मध्ये आलेल्या वेबजीएल या मानकामुळे वेगळे पूरक साधन न जोडताही ब्राउझरला त्रिमित प्रदेश रेखाटणे शक्य झाले.

ब्राउझर हे साधन येथे गौण नाही. महागडे यंत्र नको, खेळ विकत आणून संगणकात बसवायला नको. पत्ता टंकला की विश्वाचे दार उघडते. शाळेच्या संगणककक्षात, सायबर कॅफेत, कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत हे खेळ खेळले गेले ते यामुळेच. परंतु याच सोयीची दुसरी बाजू अशी की विश्व खेळाडूच्या हाती कधीच येत नाही. ते दूरच्या संगणकावर राहते आणि मालकाने दार बंद केले की नाहीसे होते. या बाजूचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

३. काळाची पोथी आणि स्थानाची पोथी

म्हाइंभटांनी संकलित केलेले 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ म्हणून सर्वमान्य आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, त्यांच्या सहवासातील व्यक्तींना भेटून, विचारून, पडताळून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी या ग्रंथाची विभागणी आहे, म्हणजे मांडणीचे मुख्य सूत्र काळ हे आहे. तथापि प्रत्येक लीळा कोणत्या ना कोणत्या गावाला, देवळाला, नदीकाठाला वा मठाला जखडलेली असते. स्थान वगळून लीळा सांगणे संकलकाला जणू अशक्य वाटते. एकांकाची स्थिती आणखी लक्षणीय आहे. स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा हा काळ; त्याला शिष्यांपैकी कोणी साक्षी नव्हता. यातील लीळा स्वामींनीच पुढे प्रसंगाप्रसंगाने सांगितल्या. त्यामुळे येथे काळाचा धागा सैल पडतो आणि स्थानाचे भान अधिक ठळक होते.

'स्थानपोथी'त हे भान स्वतंत्र ग्रंथाचे रूप घेते. मुनिव्यास कोठी यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या या ग्रंथात स्वामी जेथे राहिले, बसले, निजले, फिरले त्या स्थळांची गाववार नोंद आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या आग्नेयेस काय, नैर्ऋत्येस काय, अमुक स्थान कोणत्या वास्तूच्या कोणत्या अंगाला, अशा नेमक्या दिशानिर्देशांनी हे गद्य बांधलेले आहे. वाक्ये आखूड आहेत. वर्णनाचा हव्यास नाही. लीळा तेथे पुन्हा विस्ताराने सांगितली जात नाही. तिच्याकडे निर्देश करून पोथी पुढे सरकते. वाचकाला लीळा ठाऊक आहे, हे गृहीत आहे.

म्हणजे एकाच कथाद्रव्याच्या दोन मांडण्या झाल्या: एक काळाच्या सूत्रात, दुसरी स्थानाच्या. पहिली पोथी बसून वाचायची, तर दुसरी हाती घेऊन चालायचे. पैठणला राहणारा वाचक पैठणपासून आरंभ करील, वेरूळकडून येणारा वेरूळपासून. ज्याला जे स्थान आधी भेटेल त्याची लीळा त्याच्या मनात आधी जागी होईल. पोथी एकच असली तरी चालणाऱ्यागणिक चरित्राचा क्रम बदलेल.

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'नकाशा' आणि 'वाट' असा भेद केला आहे. आपल्या घराचे वर्णन करताना माणसे 'मुदपाकखान्याशेजारी माजघर आहे' असे सांगू शकतात किंवा 'उजवीकडे वळलात की माजघर लागते' असे सांगू शकतात. पहिला नकाशा, दुसरी वाट. न्यूयॉर्कमधील रहिवाशांच्या कथनांच्या अभ्यासात बहुतेकांनी वाटच सांगितली, असे आढळले होते. 'स्थानपोथी'त हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. दिशांचा नकाशा स्थिर आहे आणि त्यावर स्वामींच्या पावलांची वाट उमटली आहे. मुक्तविश्व खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात लहान नकाशा आणि समोर चालण्याची वाट असते. त्या रचनेचे मर्म हेच आहे. हेन्री जेंकिन्स यांनी २००४ मधील निबंधात खेळ रचणाऱ्याला कथाकार म्हणण्यापेक्षा कथेचा वास्तुशिल्पी म्हणावे, असे सुचवले. 'स्थानपोथी'च्या संकलकाला ही संज्ञा लावून पाहिली तर फरक चटकन ध्यानी येतो. त्याने वास्तू उभारली नाही; उभ्या असलेल्या वास्तूंतून कथा वाचली आणि वाचण्याची रीत पुढच्यांसाठी लिहून ठेवली.

४. लीळा आणि कथाघटक

स्थानाधिष्ठित कथनाला विशिष्ट प्रकारच्या घटकाची गरज असते. कोणत्याही क्रमाने भेटला तरी अर्थपूर्ण वाटेल, असा तो घटक असावा लागतो. तो लहान, स्वयंपूर्ण आणि तरीही मोठ्या आशयाशी जोडलेला असावा लागतो. दीर्घ प्रकरण या कामी निरुपयोगी ठरते, कारण त्याला मागचेपुढचे संदर्भ लागतात.

'फॉलन लंडन' या २००९ पासून ब्राउझरमध्ये उपलब्ध असलेल्या खेळात हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला गेला, ती मराठी अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. हा खेळ जवळजवळ सर्वस्वी शब्दांचा आहे. भूगर्भात गेलेल्या एका कल्पित लंडनच्या वस्त्यांतून खेळाडू फिरतो. प्रत्येक वस्तीत छोटे छोटे गद्य प्रसंग त्याची वाट पाहत असतात. कोणता प्रसंग दिसेल हे दोन गोष्टींवर ठरते: खेळाडू कोठे आहे, आणि आतापर्यंतच्या कृतींनी त्याच्या ठायी कोणते गुण वा कोणती ओळख जमा झाली आहे. एकच गल्ली नवख्याला एक प्रसंग दाखवते आणि मुरलेल्याला दुसरा. अशा प्रसंगाला खेळरचनाकारांच्या परिभाषेत 'स्टोरीलेट' म्हणतात. मराठीत 'कथाघटक' म्हणता येईल.

लीळेचे स्वरूप याच्याशी ताडून पाहावे. एक स्थान, एकदोन व्यक्ती, एखादा प्रश्न वा कृती, स्वामींचे एखादे वचन आणि समाप्ती. कित्येक लीळा मोजक्या वाक्यांत आटोपतात, स्वतंत्र वाचल्या तरी कळतात आणि एकत्र वाचल्या तर एका व्यक्तित्वाचे आकलन घडवतात. योग्यतेची अटही तेथे आहे. एकच वचन पहिल्याने ऐकणाऱ्याला साधे वाटते, तर सूत्रपाठाचे अध्ययन केलेल्याला त्यातील शास्त्रार्थ उमगतो. संहिता बदलत नाही, वाचणाऱ्याचा अधिकार बदलतो. खेळात ही अट यंत्र तपासते. लीळेत वाचकाची तयारीच ती अट असते.

'लीळा' या शब्दाचा मूळ अर्थच खेळ असा आहे. 'लीळाचरित्रा'च्या अॅन फेल्डहाउस यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शीर्षकात त्यांनी 'खेळणारा ईश्वर' या अर्थाचे शब्द योजले. अर्थात ईश्वराची लीळा आणि संगणकावरील करमणूक यांत तात्त्विक अंतर मोठे आहे. एक निर्हेतुक आहे, दुसरीत गुण, पातळ्या आणि बक्षिसे आहेत. तरीही प्रयोजनाच्या साखळीत न अडकलेली, स्वतःत पूर्ण अशी कृती हा अर्थाचा गाभा लक्षात घेतला, तर लहान स्वायत्त प्रसंगाला 'लीळा' हे नाव का शोभते ते उमगते.

५. खुणांचे वाचन

'जिओगेसर' हा २०१३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेला ब्राउझर-खेळ कल्पित प्रदेश वापरत नाही. गुगलने रस्तोरस्ती टिपलेली दृश्ये हेच त्याचे विश्व. खेळाडूला पृथ्वीवरच्या एखाद्या अनोळखी रस्त्यावर सोडले जाते. आसपास फिरून, खुणा पाहून, आपण कोठे आहोत हे त्याने नकाशावर दाखवायचे असते. अंदाज जितका जवळचा तितके गुण अधिक, एका स्थळासाठी जास्तीत जास्त ५०००. सूर्य कोणत्या बाजूला आहे, वाहने रस्त्याच्या कोणत्या अंगाने चालतात, पाट्यांवरची लिपी कोणती, माती कोणत्या रंगाची, विजेचे खांब कशाचे, अशा तपशिलांवर निर्णय ठरतो. जुलै २०२२ मध्ये भारतातील दहा शहरांची अशी दृश्ये अधिकृतपणे उपलब्ध झाली. मुंबई, पुणे, नाशिक आणि त्या वेळचे अहमदनगर यांचा त्यांत समावेश होता. मराठी पाट्या आणि मराठी रस्ते त्यामुळे जगभरच्या खेळाडूंसाठी वाचनाची सामग्री ठरले.

'स्थानपोथी'चा अभ्यासक नेमके हेच करीत आला आहे. पोथीतील गाव आजचे कोणते, देऊळ उभे आहे की पडले, दाराची दिशा जुळते काय, ओढा सरकला काय, याची पडताळणी पायी फिरूनच होते. फेल्डहाउस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील तीर्थयात्रा आणि प्रादेशिक जाणीव यांचा संबंध उलगडला आहे. स्थळे एकमेकांशी जोडली जाण्यातून प्रदेशाची कल्पना घडते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. चक्रधरस्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याची आज्ञा केली होती. त्या आज्ञेला 'स्थानपोथी'ने पायाखालचा आधार दिला असे म्हणता येईल.

दोहोंतील फरक हेतूचा आहे. जिओगेसरचा खेळाडू स्थळ ओळखताच ते सोडून देतो; ओळख पटणे हा तेथे खेळाचा शेवट असतो. पोथीच्या वाचकासाठी ओळख पटणे हा आरंभ असतो. स्थान सापडले की तो तेथे नमस्कार करतो, बसतो, लीळा आठवतो. खुणांचे वाचन दोन्हीकडे सारखेच सूक्ष्म असले तरी वाचनानंतर स्थळाशी जडणारे नाते वेगळे आहे.

६. अटन आणि स्वातंत्र्य

मुक्तविश्व खेळांचे आकर्षण स्वातंत्र्यात आहे असे म्हटले जाते. हे स्वातंत्र्य कितपत खरे, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. 'रुनस्केप'मध्ये खेळाडू कोठेही जाऊ शकतो. परंतु प्रत्येक दरी, प्रत्येक विहीर, प्रत्येक दरवाजा कोणीतरी रचून ठेवलेला असतो. क्रम मोकळा आहे, सामग्री बांधलेली आहे. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये, ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला पाने उलटण्यापलीकडचे श्रम घ्यावे लागतात, तिच्यासाठी 'एर्गोडिक' ही संज्ञा रूढ केली. तिला मराठीत 'श्रमसाध्य संहिता' म्हणता येईल. त्यांच्या विवेचनाचा एक अर्थ असा निघतो की वाचकाचे श्रम वाढले म्हणजे त्याची सत्ता वाढतेच असे नाही.

२०२२ मध्ये आलेल्या 'स्लो रोड्स' या ब्राउझर-खेळात कथा, शत्रू, कार्य यांपैकी काहीही नाही. संगणक गणिती नियमांनी डोंगर, झाडी आणि रस्ता निर्माण करीत राहतो. खेळाडू वाहन हाकत राहतो. रस्ता संपत नाही आणि कोठे पोहोचायचेही नसते. मुक्तविश्वाची कल्पना येथे तिच्या टोकाला गेली आहे. सामग्रीसुद्धा कोणी बांधलेली नाही. पण त्यामुळेच या रस्त्यावर स्मरणात राहील असे एकही स्थान नाही. अमर्याद प्रदेश आहे, ओळखीचे एकही झाड नाही.

महानुभाव आचारात 'अटन' ही संज्ञा आहे. साधकाने एका ठिकाणी गुंतू नये, परिचयाचे गाव टाळावे, एकाकी फिरावे, असा त्याचा आशय होय. म्हणजे आसक्ती तोडण्यासाठी अटन आणि स्मरण दृढ करण्यासाठी स्थानवंदन, असे दोन परस्परविरोधी वाटणारे व्यवहार एकाच परंपरेत आहेत. फिरावे, पण कोठे रुजू नये. तथापि काही जागा मात्र विसरू नयेत. या दोहोंचा तोल सांभाळल्यानेच तेथील भ्रमण अर्थपूर्ण होते. मुक्तविश्व खेळांचे मूल्यमापन करताना हा निकष वापरण्याजोगा आहे. प्रदेश किती मोठा, यापेक्षा त्यातील किती स्थळे खेळाडूच्या स्मरणात स्थान मिळवतात, हा प्रश्न वाङ्मयीन दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो. 'रुनस्केप' वा 'फॉलन लंडन' यांचे खेळाडू कित्येक वर्षांनी एखाद्या पुलाची, एखाद्या बाजारपेठेची आठवण काढतात, तेव्हा त्या जागांचे 'स्थान' झालेले असते.

७. लोप, स्मरण आणि पाठ

या तुलनेतील सर्वांत गंभीर प्रश्न संहितेच्या टिकण्याचा आहे. फ्लॅश तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यावरील सामग्री चालेनाशी झाली. दोन दशकांत निर्माण झालेली असंख्य विश्वे एका निर्णयाने अंधारात गेली. त्याआधीच ब्राउझरांनी जावाची पूरक साधने टाकून दिली होती. 'रुनस्केप'च्या सर्वांत जुन्या आवृत्तीची दारे ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. छापील ग्रंथाची आवृत्ती संपली तरी ग्रंथालयात प्रत राहते. येथे मात्र वाचकाच्या हाती कधी प्रतच नव्हती.

मराठीच्या अभ्यासकाला ही परिस्थिती ओळखीची वाटावी. यादवसत्तेच्या अखेरीच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी नष्ट झाली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. स्मरण माणसागणिक भिन्न असल्याने पाठ भिन्न झाले. हिराइसेचा पाठ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. संप्रदायाने हे भेद दडपले नाहीत. त्यांना 'वासना' अशी संज्ञा देऊन, कोणाच्या आठवणीत प्रसंग कसा आहे, हे नोंदवून ठेवले. एकच शुद्ध पाठ असल्याचा आग्रह धरण्याऐवजी आठवणाऱ्यांची नावे जपली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागे अशा अनेक पोथ्यांच्या पडताळणीचे श्रम होते.

ब्राउझर-खेळांच्या बाबतीत आज याच प्रकारचे काम हौशी मंडळी करीत आहेत. फ्लॅशचा आधार जाण्यापूर्वीच 'फ्लॅशपॉइंट' या उपक्रमाने हे खेळ गोळा करून ठेवण्यास आरंभ केला. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून 'रफल' या अनुकरणप्रणालीच्या साहाय्याने अनेक फ्लॅशकृती पुन्हा चालत्या केल्या. 'रुनस्केप'ची जुनी आवृत्ती बंद होण्याआधी काही खेळाडूंनी आपापले खेळणे नोंदवून ठेवले, म्हणजे साक्षीदारांनी आपल्या लीळा उतरवून दिल्या. याच खेळाबाबत आणखी एक घटना पाठचिकित्सेच्या दृष्टीने बोलकी आहे. खेळात झालेले बदल न रुचलेल्या खेळाडूंच्या मागणीवरून, ऑगस्ट २००७ मधील एका जतन केलेल्या प्रतीच्या आधारे, फेब्रुवारी २०१३ मध्ये जुना खेळ पुन्हा सुरू करण्यात आला. वाचकसमुदायाने एक पाठ नाकारून पूर्वीचा पाठ प्रमाण मानल्याचे हे उदाहरण होय.

तरीही एक उणीव राहते. जतन झालेला खेळ म्हणजे रिकामे गाव. त्यात हजारो लोक एकाच वेळी वावरत असताना घडलेले बोलणे, भेटी, सवयी यांची नोंद यंत्राच्या प्रतीत नसते. ती केवळ खेळणाऱ्यांच्या आठवणीत असते. म्हाइंभटांनी जे केले, म्हणजे माणसांकडे जाऊन विचारले, ताडून पाहिले, सांगणाऱ्याच्या नावासह लिहिले, ते या बाबतीत क्वचितच झाले आहे. यासाठी संगणकशास्त्रज्ञापेक्षा पाठचिकित्सा आणि मौखिक परंपरा यांचे शिक्षण घेतलेला वाङ्मयाचा अभ्यासक अधिक उपयोगी आहे.

८. साम्याची मर्यादा

येथवर साम्ये दाखवली. आता भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला भेद स्थानाच्या स्वायत्ततेचा. खेळातील विश्व खेळाडूसाठीच अस्तित्वात असते. तो आला की प्रसंग जागा होतो, तो गेला की थांबतो. पैठण किंवा वेरूळ वाचकासाठी थांबलेले नसते. तेथे संसार चालतात, बाजार भरतात, देवळाशेजारी नवी घरे उठतात. वाचकाला त्या चालत्या जगात आपली लीळा शोधावी लागते. या शोधात नम्रता आहे. जग आपल्याभोवती फिरत नाही, याची शिकवण आहे.

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागरात गोदाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. एखादे स्थळ असे बुडाले, ढासळले वा ओळखू येईनासे झाले, तरी त्याची नोंद पोथीत राहते. पोथी हरवली तर स्थळ राहते आणि त्याच्या आधारे स्मरण पुन्हा जुळवता येते. स्थान आणि संहिता या दोन वेगळ्या वस्तू असल्यामुळे एक दुसरीची राखण करते. मुक्तविश्व खेळात स्थान हीच संहिता असते. ती गेली की गाव आणि पोथी एकदमच जातात. म्हणून या खेळांना त्यांच्या बाहेर असणाऱ्या, शब्दांत लिहिलेल्या 'स्थानपोथी'ची गरज सर्वाधिक आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. स्थानाच्या आधारे उभे राहणारे आणि क्रमाचा निर्णय चालणाऱ्यावर सोपवणारे कथन संगणकाने निर्माण केलेले नाही. मराठीत ते 'स्थानपोथी'च्या रूपाने शतकांपूर्वी सिद्ध झाले आहे. लीळा, स्थान, अटन, वासना या संज्ञा सांप्रदायिक अर्थाचा आदर राखून वापरल्या, तर नव्या संहिताप्रकाराचे विश्लेषण करण्यास त्या समर्थ आहेत. याउलट, या खेळांच्या निमित्ताने 'स्थानपोथी'कडे केवळ भूगोलाची वा भाषेच्या इतिहासाची सामग्री म्हणून न पाहता कथनरचनेचा एक स्वतंत्र नमुना म्हणून पाहण्याची दृष्टी मिळते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून दोन कामे निघतात. एक, पैठण आणि वेरूळ परिसरातील लीळा कालक्रम बाजूला ठेवून केवळ स्थानक्रमाने वाचून पाहणे आणि त्यामुळे चरित्राचा आशय कोठे बदलतो ते तपासणे. दोन, ज्या ब्राउझर-खेळांत विद्यार्थ्यांच्याच पिढीने वावर केला आणि जे आज बंद झाले आहेत, त्यांच्या आठवणी सांगणाऱ्याच्या ओळखीसह, पाठभेदांसह, त्यांच्याच मराठीत लिहून घेणे. दुसरे काम लांबणीवर टाकता येणारे नाही. त्या विश्वांचे साक्षीदार आज वर्गात आणि प्राध्यापककक्षांत उपस्थित आहेत. त्यांना विचारणारा म्हाइंभट तेवढा हवा आहे.